तळ्यातले दोन आणे

भवानी पेठेत माझा जुन्या बारदानाचा धंदा होता. फाटकी पोती घ्यायची, झटकायची, ठिगळं लावायची आणि पुन्हा बाजारात सोडायची. हातगाडीवर पोती ओढण्यापासून मी सुरुवात केली आणि गोडाऊन स्वतःच्या नावावर करून थांबलो. मधल्या वर्षांत कुणी मला एक पैसा सोडला नाही आणि मीही कुणाला सोडला नाही. बाजारात माझ्या भाव करण्याचा दबदबा होता. रागाचाही होता. एका दलालाच्या अंगावर मी भरला कप भिरकावला होता, आणि त्यानंतर तो बरेच दिवस माझ्याशी दारातूनच बोलत असे.

पोती शिवायला माझ्याकडे एक बंगाली माणूस होता. हुगळी नदीकाठच्या तागाच्या गिरणीत तो कामाला होता. गिरणी बंद पडली तसा दाभण आणि सुतळी घेऊन पुण्याला आला आणि दहा वर्षं माझ्याकडे टिकला. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला शेठ. वर्षाआड गावी जायचा तो आठ दिवसांसाठी, आणि तेही मी कुरकुर केल्यावर सहाव्या दिवशी निघून यायचा. त्याने मारलेला टाका भरलं पोतं तिसऱ्या मजल्यावरून टाकलं तरी उसवायचा नाही.

एका दिवाळीनंतर तो बायकोचं पत्र घेऊन माझ्या गादीशी येऊन उभा राहिला.

"काका पुकुरातला हिस्सा विकत मागतात," तो म्हणाला. पुकुर म्हणजे त्यांच्या घरामागचं तळं.

"किती हिस्सा आहे?"

"दोन आणे."

दोन आणे म्हटल्यावर मला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या गावी, धायरीला, आमच्या विहिरीचे हिस्सेही आण्यांतच होते. विहीर सोळा आणे, घरं चार, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या.

"मग? विकायचा नसेल तर नाही म्हणून कळव."

"काकांना कसं नाही म्हणू? बाबा गेल्यावर त्यांनीच वाढवलं." पत्राची घडी घालत तो म्हणाला, "माघात मुलीचं लग्न आहे. नवऱ्याच्या घरी पहिला मासा आपल्या पुकुरातला जातो. बाजारातला मासा पाठवला तर लोक म्हणतील, हा माणूस इथला राहिला नाही. शेठ, तुम्ही चला. तुमच्यासमोर कुणाचं चालत नाही."

माझी बायको म्हणाली, "दोन आण्यांसाठी बंगालला? गाडीभाड्यात तळं येईल."

तिचं गणित बरोबर होतं. तरी मी निघालो, त्याला कारण माझा थोरला भाऊ. धायरीची जमीन बिल्डरच्या घशात गेली, तेव्हा तिच्यासोबत विहीरही गेली. मी शहरात धंद्यात अडकलेला, म्हणून भावाला कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं. त्या कागदावर त्याने सगळं विकलं आणि माझा वाटा पैशाने आणून दिला, चोख, एक रुपया कमी नाही. मी विहिरीचं विचारलं तर म्हणाला, "तुला शेरात नळाला पानी हाय. हिरीचं काय लोणचं घालतोस?" विहीर बुजवून वर गाड्या लावायची जागा केली. पैशाची माझी तक्रार नव्हती. मला विचारलं नाही, ही तक्रार होती. ती मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. दादाने तर पोती शिवताना ती इतक्यांदा ऐकली होती की मी कुठे श्वास घेतो हेही त्याला ठाऊक असावं.

दीड दिवसाचा प्रवास करून हावडा गाठलं, तिथून दोन तास पॅसेंजर, आणि पुढे तीन चाकांच्या सायकलला फळी ठोकलेली गाडी. तिला ते लोक व्हॅन म्हणतात. मी फळीवर पाय सोडून बसलो आणि बघत राहिलो.

बघण्यासारखं फार होतं. आमच्याकडे गाव म्हटलं की घरं एकाला एक चिकटलेली आणि शेतं लांब. इथे घरं तळ्यांच्या आधाराने विखुरलेली. चार घरं, एक तळं. पुन्हा चार घरं, पुन्हा तळं. मधे केळी, बांबू, सुपारी. जमीन इतकी सपाट की सिंहगड बघून वाढलेल्या माझ्या डोळ्यांना टेकायला जागा सापडेना. घरांच्या भिंतींना शेणाने लिंपलेल्या लांब काठ्या रांगेने टेकवून ठेवलेल्या. मी व्हॅन थांबवून खाली उतरलो. ताग सोलला की आतली पांढरी काठी उरते, तिला शेण थापून वाळवतात आणि चुलीला सरपण करतात. मी आयुष्यभर तागाची पोती विकली होती, पण तागाला काठी असते हे मला माहीत नव्हतं. दादाला म्हटलं, "हे कधी बोलला नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही, शेठ."

मग मी विचारतच सुटलो. भात कापून झाला होता आणि त्याच खाचरांत बटाटा लावला होता. वीतभर रोपं, सरळ सऱ्या. बांध इतके अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने शेतात उतरायचं. कुणी उतरायचं? दादा म्हणाला, रिकाम्या हाताच्या माणसाने. बटाटा निघाला की जातो कुठे? शीतगृहात, आणि पावती घरात. कुणाची जमीन किती? कुणाची दोन बिघे, कुणाची चार. इतक्या तुकड्यावर घर कसं चालतं?  दादा स्वतः पुण्यात पोती शिवत होता, तेच उत्तर होतं.

त्याची बायको अंगणात मोठ्या हंड्यांत भात उकडत होती. उकडायचा, अंगणात पसरायचा आणि पायांनी ओळी ओढत फिरवायचा, म्हणजे सगळीकडून वाळतो. आमच्याकडे असं पाय लावून धान्य फिरवलं असतं तर आईने पाठीत धपाटा घातला असता. इथे तेच काम ती इतकं जपून करत होती की तिच्या टाचेखाली एक दाणा फुटत नव्हता. तिने मला वाडगाभर चिरमुरे दिले, त्यावर कच्चं मोहरीचं तेल, कांदा, मिरची. तेल नाकात गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. दादाकडे बघून ती काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, शेठ अजून काही बोलले नाहीत आणि रडायलाच लागले."

मग तळं बघितलं. खरं सांगायचं तर निराशा झाली. एक एकरभर हिरवट पाणी, त्यातलं निम्मं जलपर्णीने झाकलेलं. एका काठाला ताडाच्या ओंडक्यांच्या पायऱ्या, तो यांचा घाट. पण काठावर तासभर बसलो तेव्हा कळलं की गाव तळ्याकडे पाठ करून राहत नाही, तोंड करून राहतं. सकाळी बायका भांडी घेऊन आल्या. मग पुरुष अंगाला तेल चोळून आंघोळीला. मग बदकं. एक म्हातारा गळ टाकून बसला होता आणि त्याला मासा लागो न लागो सारखंच होतं. घराच्या भिंतीला माती इथली, पावसाळ्यात ताग भिजत घालायचा तो इथेच. घरातलं कुणी गेलं की सुतक संपताना जो मासा शिजतो तोही इथला. मी दादाला विचारलं, "वर्षाला तुझ्या वाट्याला मासे किती येतात?" त्याने हातांनी ढीग करून दाखवला. व्यापारी डोक्याने बघितलं तर हा हिस्सा ठेवण्यात काही अर्थ नव्हता. घाटावर उभं राहून बघितलं तर होता.

दुपारी काकांच्या अंगणात बैठक बसली. फणसाखाली बांबूचं मोठं मचाण होतं, त्यावर तळ्यात हिस्सा असलेल्या आठही घरचे पुरुष. काका किडकिडीत, डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर. आम्हाला पुण्यात स्वेटर लागला नसता अशी थंडी. त्यांनी खजुराचा गूळ मागवला, माझ्या प्रवासाची चौकशी केली, पुण्यात भात मिळतो का विचारलं. दादा दुभाषी. मूळ विषय कुणी काढेना. शेवटी मीच काढला.

आमच्या बाजारात गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं की तो दुखावतो आणि उद्या येत नाही. म्हणून असा आकडा सांगायचा की तोच हसून उठेल. मान त्याचाही राहतो, माल आपलाही राहतो. मी तीस वर्षं असंच करत आलो होतो. दादाला काकांना नाही म्हणवत नव्हतं, तर त्याच्यावर हाच इलाज होता. मी चालू दराच्या चौपट आकडा सांगितला.

दादाने माझ्याकडे बघितलं. "सांग," मी म्हटलं. त्याने सांगितलं.

काकांनी गुळाचा खडा परत बशीत ठेवला. थोडा वेळ तळ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"म्हणतात, ठीक आहे," दादा म्हणाला. 

मचाणावरचे लोक एकेक करून उठले. कुणी घासाघीस केली नाही, कुणी हसलं नाही. आठ घरांसमोर आकडा बोलला गेला होता आणि मान्य झाला होता. तीस वर्षांत माझा असा आकडा कुणी घेतला नव्हता.

आम्ही घरी परत आलो. मी दादावरच ओरडलो, की तुझा काका कसला माणूस, याला भाव करता येत नाही, चौपट आकडा कुणी घेतं का. त्याची बायको चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि एकच वाक्य बोलली. दादा सांगेना. मी दोनदा विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला, "विचारते, पुण्यात 'नाही' म्हणायला पैसे पडतात का?"

मला संताप आला, पण तो कुणावर काढावा हे समजेना. माझ्या हुशारीने या माणसाचं तळं गेलं होतं. त्याला न विचारता नव्हे, हे खरं. तो शेजारीच बसला होता. पण विचारलं होतं असंही म्हणता आलं नसतं. संध्याकाळी घराघरांतून शंख वाजले, तुळशीपाशी दिवे लागले, आणि मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. बोललेला आकडा मी कधी परत घेतला नव्हता. तो परत घेणाऱ्या माणसाशी मी धंदाही केला नव्हता.

सकाळी मी काकांकडे गेलो आणि म्हटलं, मला बोलायचंय, कालचे सगळे लोक बोलवा. काका म्हणाले, सगळे कशाला, मी आहे ना. मी म्हटलं, सगळ्यांसमोर बोललो होतो. लोक आले. मी सांगितलं की दादाला हिस्सा विकायचा नव्हता. आकडा मी तुम्ही नको म्हणावं म्हणून सांगितला. तो मी परत घेतो. चूक माझी आहे, त्याची नाही.

दादा हे बंगालीत सांगत होता तेव्हा मी फणसाच्या खोडाकडे बघत होतो.

मग मी काकांना विचारलं, "पण तुम्ही घेतलात कसा? इतक्या किमतीचं यात काय आहे?"

काकांनी उत्तर दिलं ते मला अजून आठवतं. ते म्हणाले, "तुमचा आकडा ऐकून मला वाटलं, याला गाव सोडायचंच आहे. सोडून जाणाऱ्याशी घासाघीस कशाला करायची? बटाट्याचं एक शेत विकून पैसे दिले असते."

आणि त्यांना हिस्सा हवा होता तो माशांसाठी नव्हता. जलपर्णी दर वर्षी वाढते. जाळं टाकण्याआधी आठ घरांनी पाण्यात उतरून ती काढायची, अशी तिथली रीत. सात घरांची माणसं उतरत होती. आठव्या घराचा माणूस दहा वर्षं पुण्यात दाभण चालवत होता आणि मासे मात्र त्याच्या घरी जात होते. कुरबूर काकांच्या कानावर यायची. पुतण्याला तोंडावर बोलण्यापेक्षा हिस्सा विकत घ्यावा, म्हणजे भांडणच मिटेल, असा त्यांचा विचार होता. म्हणजे त्यांनाही नाही म्हणता येत नव्हतं. त्यांनी ते दुसऱ्या रीतीने म्हटलं होतं.

मला एकदम हलकं वाटलं. हा तर साधा प्रश्न होता. "त्याच्या जागी मी चार मजूर देतो," मी म्हटलं, "दर वर्षी, माझ्या खर्चाने."

"मजूर गावातही आहेत," काका म्हणाले. "हात घरचा लागतो."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, फक्त दुसऱ्या बोलीत. धायरीच्या विहिरीचा गाळ दर उन्हाळ्यात काढायचे. चारही घरचे पुरुष आत उतरायचे. शहरात आल्यावर पहिली दोन वर्षं मी गेलो. नंतर मजुरी देऊन माणूस पाठवू लागलो. एकदा भावाने निरोप धाडला होता, "मानूस नगं, तू ये." मी हसलो होतो आणि पुढच्या वर्षी दोन माणसं पाठवली होती. भावाने मला विचारलं नाही, ही माझी तक्रार आजही तशीच आहे. पण ती सांगताना हा भाग मी वगळत असे.

"मग काय करायचं ते बोला," मी काकांना म्हटलं.

"दर वर्षी मार्गशीर्षात महिनाभर तो इथे पाहिजे."

"महिना? तेव्हा माझा हंगाम असतो. चार दिवस देतो."

"चार दिवस तो रस्त्यातच असतो."

"आठ."

काकांनी तळ्याकडे हात केला. "इतकं पान आठ दिवसांत निघेल? पंचवीस."

"बारा. याच्यावर नाही."

त्यांनी चहा मागवला. चहा आला. मग म्हणाले, "वीस."

मी उठलो आणि चपला घातल्या. बाजारात आपण उठलो की समोरचा बाही धरतो. तेवढ्यात दोनचार रुपये सुटतात. इथे कुणी हललं नाही. एकाने माझी जागा रिकामी झाली म्हणून पाय पसरले. मी चपला घालून उभा, आणि आठ घरचे लोक शांतपणे चहा पीत आहेत. शेवटी चपला काढल्या आणि बसलो.

"वीस," काका म्हणाले. "जाण्यायेण्याचे चार सोडून."

दादा भाषांतर करताना हसू दाबत होता. दहा वर्षांत तो माझ्यासमोर पहिल्यांदा हसला असावा. मी हो म्हटलं.

त्याच दिवशी तो पाण्यात उतरला. थंडीने ओठ निळे पडत होते, पायांना जळवा लागत होत्या; त्या तो मीठ लावून काढायचा आणि पुन्हा आत जायचा. पहिल्या दिवशी इतर घरचे लोक त्याच्याशी फार बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला बिडी दिली. तिसऱ्या दिवशी त्याला शिव्या देऊ लागले, पोट सुटलंय, शहरात बसून बसून तुझं पोतं झालंय. त्यानंतर मला काळजी राहिली नाही. मीही काठावरून लांब बांबूच्या आकड्याने जलपर्णी ओढून ढीग घालत होतो. वाळल्यावर ती बटाट्याच्या सऱ्यांत घालतात हे तेव्हा कळलं.

सातव्या दिवशी घाटाकडचं पाणी मोकळं झालं आणि कोळ्यांनी तिथे जाळं टाकलं. काठावर केळीच्या पानांवर सोळा ढीग केले, आण्याला एक. एक माणूस तळ्याकडे तोंड करून, ढिगांकडे पाठ करून उभा राहिला. दुसरा एकेका ढिगावर काठी ठेवायचा आणि विचारायचा, हा कुणाचा? पाठमोरा माणूस घराचं नाव घ्यायचा. मला ही पद्धत फार आवडली. तराजू नाही, तरी ओरड नाही. दादाचं घर दोनदा घेतलं गेलं. त्याच्या दुसऱ्या ढिगातला कटला मासा शेजारच्यापेक्षा उघड लहान होता. काका माझ्याकडेच बघत होते. मी बोललो नाही.

दादाच्या बायकोने दोन्ही ढीग टोपलीत भरले. माघासाठी रोहू जाळ्यात आला होता तो मात्र परत तळ्यात सोडला; लग्नापर्यंत वाढेल म्हणाले. कुठला रोहू हे त्या वेळी कसं ओळखणार, हे मी विचारलं. सगळे हसले.

मी दुसऱ्या दिवशी निघालो, एकटाच. दादा मला स्टेशनवर सोडायला आला. फलाटावर म्हणाला, "शेठ, हे सात दिवस वीसमध्ये धरायचे?"

"धरायचे. म्हणजे राहिले तेरा."

"काका म्हणतात, हे मागच्या दहा वर्षांचे झाले. वीस उद्यापासून."

"काकांना सांग, तेरा."

"तुम्हीच सांगा ना," तो म्हणाला.

गाडी येईपर्यंत आमचं ठरलं नाही. तो पुण्याला परत आला तो त्या दिवसापासून एकविसाव्या दिवशी, जाण्यायेण्याचे वेगळे धरून, आणि तोवर माझ्या गोडाऊनमधली फाटकी पोती छताला लागली होती.